पाच फेऱ्यांची शिस्त

लिनक्समधल्या एक्स्ट४ फाइल सिस्टीमची तपासणी करणारे 'ई२एफएससीके' आठवते ते वीज गेल्यावर किंवा डिस्क दगा द्यायला लागल्यावर. अशा वेळी ते न्याहाळायला कुणाला सवड असते? सवडीने पाहिले, तर त्याचे सौंदर्य लक्षात येते: कोणत्या नोंदीवर कधी विश्वास ठेवायचा, याचा त्याने घालून घेतलेला क्रम.

तपासणी पाच फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड वाचला जातो. फाइलचा आकार, परवानग्या, तिचे ब्लॉक कुठे आहेत, हे सारे आयनोडमध्ये असते. ही फेरी सर्वांत खर्चिक, पण पुढच्या फेऱ्यांना लागणारी माहिती ती मेमरीत जमवून ठेवते. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींनी हक्क सांगितला, तर त्या भांडणासाठी वेगळ्या उपफेऱ्या आहेत. दुसरी फेरी डिरेक्टरींतल्या नोंदी पाहते, तिसरी प्रत्येक डिरेक्टरीपासून मुळापर्यंत वाट पोहोचते का ते बघते, चौथी दुवे मोजते. कोणता ब्लॉक रिकामा आणि कोणता भरलेला, हे सांगणारा बिटमॅप डिस्कवर आधीपासून असतो. पण त्याची पडताळणी अगदी शेवटी, पाचव्या फेरीत. तोवर साधनाने प्रत्यक्ष पुराव्यावरून स्वतःचा हिशेब मांडलेला असतो. जुने दप्तर बाजूला ठेवून आधी साखळी टाकून जमीन मोजणाऱ्या भूमापकासारखी ही वृत्ती आहे.

लॉस्ट+फाउंड ही डिरेक्टरी जवळून पाहण्यासारखी. फाइलचे नाव आयनोडमध्ये नसते, डिरेक्टरीत असते. डिरेक्टरी बिघडली की मजकूर शाबूत राहून नाव हरवू शकते. अशी अनाथ फाइल इथे येते आणि तिचे नाव होते नुसता आयनोड क्रमांक, उदाहरणार्थ '#१३१०७'. साधन नावाचा अंदाज बांधत नाही. आणि ही डिरेक्टरी फाइल सिस्टीम तयार होतानाच काही ब्लॉक राखून बनवलेली असते. कारण बिटमॅपचाच भरवसा नसताना नवी जागा मागणे धोक्याचे.

हाच संयम साधन काम संपवताना देते त्या परतीच्या आकड्यांत दिसतो. 0 म्हणजे दोष नाही. 1 म्हणजे दोष होते, दुरुस्त केले. 4 म्हणजे दोष राहिले आहेत. 'सारे ठीक आहे' आणि 'आता ठीक केले' यांत साधन फरक करते. '-पी' पर्याय दिला, तर माणसाला न विचारता सुरक्षितपणे जेवढे दुरुस्त करता येईल तेवढेच होते. त्यापलीकडे काही निघाले, तर साधन थांबते. '-वाय' मात्र प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणते आणि विवेकच गहाण टाकते. म्हणून शंका असेल तेव्हा आधी '-एन' लावून फक्त वाचावे. डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर प्रथम तिची प्रत काढावी.

तपासणी कधी व्हावी, हे बरेचसे आपल्याच हाती आहे. माउंट करायच्या फाइल सिस्टीमची यादी असलेल्या एफएसटॅबच्या सहाव्या रकान्यात मूळ फाइल सिस्टीमला 1, बाकीच्यांना 2, आणि तपासायचे नसेल तर 0. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमसाठी तिथे 0 चालतो. तिची बूटवेळची तपासणी एरवी काहीच न करता यशस्वी ठरते, खरे काम 'एक्सएफएस_रिपेअर'चे. एक्स्टमध्ये ठरावीक माउंटनंतर किंवा मुदतीनंतर सक्तीची तपासणी होत असे, ई२एफएसप्रॉग्ज 1.42 पासून नव्या फाइल सिस्टीमवर ती आपोआप लागत नाही. अचानक बंद पडल्यावर बहुतेक वेळा जर्नलमधल्या, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतल्या, नोंदी पुन्हा लागू केल्या की भागते. पण जर्नल डिस्कमधला हळूहळू मुरणारा बिघाड दाखवत नाही. तो शोधायचा असेल, तर 'ट्यून२एफएस'ने '-आय 6एम' देऊन सहा महिन्यांची मुदत लावावी. व्हॉल्यूम एलव्हीएमवर असेल, तर 'ई२स्क्रब' चालू यंत्रावरच स्नॅपशॉट घेऊन तपासते. दोष निघाला, तर ते दुरुस्ती करत बसत नाही, फक्त खूण करून ठेवते.

उणीव एकच, आणि ती मोठी आहे: पाचही फेऱ्या निर्दोष पार पडल्या, तरी तुमच्या फाइलीतला मजकूर शुद्ध आहे असे कुणी म्हटलेले नसते. तपासली जाते ती रचना. साधनाने हे कधी लपवले नाही. बॅकअपची जबाबदारी त्याने तुमच्यावरच सोडली आहे.