डायक्स्ट्रांचा उणे एक

‘अ‍ॅरे आधी सुलटा छापा, मग उलटा छापा.’ लॅबच्या पहिल्याच महिन्यात हा प्रश्न येतो आणि पीएच.डी.पर्यंत आपण तो विसरून गेलेलो असतो. म्हणूनच एड्सगर डायक्स्ट्रा यांचं १९८२ चं टिपण, ई.डब्ल्यू.डी. ८३१, पुन्हा वाचायला घेतलं. मोजणी शून्यापासून का करावी, एवढाच त्याचा विषय.

त्यांचं म्हणणं असं: खालची सीमा धरा, वरची सोडा. खालची सोडली तर शून्यापासूनची यादी लिहायला उणे एक लागतो, नैसर्गिक संख्यांच्या बाहेर जावं लागतं. हे त्यांना कुरूप वाटतं. युक्तिवाद सुंदर आहे, पण एका दिशेचा.

आपल्या नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन घ्या. १८ स्टेशनं. ऑटोमोटिव्ह चौक ०, मिहानकडचं टोक खापरी १७. जाताना ० ≤ आय < १८, काही अडचण नाही. आता खापरीहून परत फिरा. पायथनच्या रेंजला १७, -१, -१ द्यावं लागतं. समोरून हाकललेला उणे एक मागच्या दाराने घरात! उलट फेरीचा विचार टिपणात नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच.

हा नुसता सौंदर्याचा वाद नाही बरं का. तेच तीन आकडे स्लाइसमध्ये लिहिले की -१ चा अर्थ ‘शेवटचं स्टेशन’ होतो. खापरी ते खापरी: रिकामी यादी, एररसुद्धा नाही. सी मध्ये इंडेक्स अनसाइन्ड असेल तर ‘आय ≥ ०’ कधीच खोटं ठरत नाही; शून्यातून एक वजा केला की अवाढव्य संख्या येते आणि गाडी रुळ नसलेल्या जागी.

लॅबमध्ये हे कळत नाही, कारण तिथे आय साधा इंट असतो आणि उत्तर स्क्रीनवर दिसतं. संशोधनात यादी छापतो कोण? हिडन मार्कोव्ह मॉडेलमधली बॅकवर्ड फेरी एक पायरी आधी थांबली आणि बीटा एकांनी भरलेला असला, तर नॉर्मलाइझ केल्यावर बेरीज तरीही एकच येते. टेबल अगदी छान दिसतं.

उपाय डायक्स्ट्रांच्याच सीमांत आहे. आय १८ पासून सुरू करा. आधी तो शून्याहून मोठा आहे का ते तपासा, मग एक वजा करा, मग वापरा. उणे एक लागतच नाही. मग त्याच लूपला एक स्टेशनची यादी द्या, आणि एक रिकामी.