घरापुरते गाणे आणि नभोवाणीवरील वाटा

जे गाणे आपल्या मुलखाच्या वेशीबाहेर कोणी ऐकत नाही ते मुळातच लहान असते, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. अंगी गुण असते तर ते मुंबईपर्यंत पोहोचले असते, असे या समजामागील तर्कशास्त्र. भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हां सर्वांना हा तर्क तपासून पाहणे भाग आहे. कारण आमच्या भोवतालचे बहुतेक संगीत याच घरापुरत्या जातीचे आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागाला झाडीपट्टी म्हणतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. भाऊबीज आटोपली की गावोगाव मंडई भरू लागते आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत उभी राहते. पुढे शंकरपटांच्या निमित्ताने नाटकांचा हंगाम रंगतो. रात्री नऊ-दहाला उघडलेला पडदा पहाटेच्या सुमारास पडतो. वडसा-देसाईगंज येथे कार्यालये थाटलेल्या नाटकमंडळ्या गावोगाव बोलावल्या जातात, आणि हजारोंनी माणसे तिकीट काढून थंडीत बसतात. पेटी आणि तबला समोर असतो. नट-नटी स्वतः गातात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांचा जन्मभर अभ्यास केला, म्हणून या परंपरेची लेखी नोंद तरी झाली. २०२३ साली परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीच्या सेवेबद्दल पद्मश्री मिळाली. तरीही या रंगभूमीवरील चार गायकनटांची नावे पुण्याच्या रसिकाला विचारावीत, तो गप्प राहील.

याला आम्ही उणेपणा मानत नाही. झाडीपट्टीतील गायक पद लांबवितो ते समोरच्या श्रोत्याचा कौल पाहून. विनोद झाडीबोलीच्या हेलावर उभा असतो; तो हेल काढून घेतला तर वाक्य उरते, हसू उरत नाही. अशी कला बाहेर न पोहोचण्याचे कारण पुष्कळदा तिच्या गुणातच असते.

कॅनडा देशातील एक उदाहरण येथे बोलके आहे. त्या देशाच्या शेजारी अमेरिका. भाषा बहुतांशी एकच. तेथील नभोवाणीवर अमेरिकन गाणीच वाजत. म्हणून १९७१ पासून नभोवाणी केंद्रांवर किमान ३० टक्के संगीत कॅनडातील असावे, असा नियम झाला. १९९९ पासून हे प्रमाण ३५ टक्के झाले. या छत्राखाली जे वाद्यवृंद वाढले त्यांत किंग्स्टन शहराचा ‘द ट्रॅजिकली हिप’ हा एक. त्यांच्या गीतांत कॅनडातील लहान गावांची नावे येतात, विमानासह बेपत्ता झालेल्या एका हॉकीपटूची कथा येते. सीमेपलीकडे त्यांना तसे यश कधी लाभले नाही. परंतु मुख्य गायक गॉर्ड डाउनी यांना असाध्य व्याधी जडल्यावर २० ऑगस्ट २०१६ रोजी किंग्स्टनमध्ये जो अखेरचा कार्यक्रम झाला, त्याचे थेट प्रक्षेपण एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिले. साडेतीन कोटींच्या देशातील ही संख्या आहे. ज्या वाद्यवृंदाला परदेशात थोडे लोक ओळखतात, त्याच्यासाठी सारा देश एका रात्री थांबला.

मात्र ‘आपले’ कोणते, हे नियमाने ठरवू गेल्यास घोटाळे होतात. संगीत, गायन, निर्मिती आणि शब्द या चारांपैकी दोन गोष्टी कॅनेडियन असल्या तर गाणे कॅनेडियन, अशी तेथील मोजपट्टी. १९९१ साली ब्रायन ॲडम्स या कॅनेडियन गायकाची गाणी जगभर गाजत असता, सहलेखक परदेशी म्हणून ती या मोजपट्टीत बसेनात. पुढे नियम दुरुस्त करावा लागला.

आपल्या देशात हाच घोटाळा अधिक कठोर रूपाने झाला. हार्मोनियम हे वाद्य मूळचे युरोपातील. १८४२ साली पॅरिसमध्ये त्याचे स्वामित्वहक्क नोंदविले गेले. ते परकीय आहे, त्याला मींड काढता येत नाही, अशी कारणे देऊन १९४० साली भारतीय नभोवाणीवर त्यास बंदी झाली, आणि ती १९७१ साली काही अटींसह सैल झाली. ही तीन दशके मराठी संगीत रंगभूमी, कीर्तन आणि भजन पेटीवाचून उभे राहत नव्हते. आमच्या देवळांतील मराठी गीतेही याच पेटीवर गायिली जातात. ज्या वाद्याला लोकांनी घरात घेतले होते, त्यास सरकारी केंद्राने जन्मदाखला विचारला!

१९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. अभिजात संगीताविषयी त्यांची निष्ठा निःसंशय होती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५४ साली, आकाशवाणीचे संगीत संमेलन सुरू झाले आणि अनेक थोर कलावंतांना आधार मिळाला. येथवर त्यांचे धोरण स्तुत्य होते. परंतु चित्रपटगीतांचा वेळ त्यांनी आखडता घेतला, निर्मात्यांशी वाद झाला, आणि श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन गाठले. १९५२ च्या अखेरीस तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. या दोन देशांच्या अनुभवांतील भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कॅनडाने घरच्या गाण्यासाठी जागा राखली आणि उरलेली मोकळी ठेवली. केसकरांनी श्रोत्याच्या आवडीलाच दार लावले.

मराठीपुरते बोलायचे तर जागा राखण्याची गरज खरी आहे. खुद्द मुंबईत एका खासगी वाहिनीवर मराठी गाणी लावीत नाहीत, हे कळल्यावर संगीतकार कौशल इनामदार अस्वस्थ झाले, आणि त्या अस्वस्थतेतून विदर्भाचे कवी सुरेश भट यांच्या शब्दांवर मराठी अभिमानगीत घडले. शंभरांहून अधिक गायकांच्या सहभागाने ते २०१० साली प्रसिद्ध झाले. परंतु उद्या मराठी गाण्यांसाठी वाटा ठरला, तरी तो मुंबई-पुण्याच्या चित्रपटगीतांनीच भरून जाईल, अशी शंका येते. झाडीबोलीतील पद त्यात कोठे बसणार? कॅनडाने हा प्रश्न ओळखला. तेथील फ्रेंच भाषेतील केंद्रांवर लोकप्रिय गायनात ६५ टक्के गाणी फ्रेंचच असावी लागतात. म्हणजे घरातही खोली राखावी लागते.

आपल्याकडे अशा खोलीची सोय अगदीच नाही असे नव्हे. २००६ च्या धोरणाने सेवाभावी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र काढता येते, आणि त्याच्या कार्यक्रमांपैकी किमान निम्मे स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत, अशी अट आहे. झाडीपट्टीला एवढा वाटा पुरेसा आहे. मंडईच्या रात्रीचे दंडारीचे पद दुसऱ्या दिवशी दहा गावांत ऐकू आले, तर तरुण गायकाला आपल्या बोलीची लाज वाटणार नाही.

परंतु येथे झाडीपट्टीचेही परीक्षण करणे प्राप्त आहे. अलीकडे कित्येक नाटकांत प्रवेशाशी काडीचा संबंध नसता चित्रपटगीताच्या मुद्रणावर नाच घुसडला जातो. काही ठिकाणी तर नाटकच काढून नुसता नाच ठेवतात. तेवढा वेळ पेटीवाला आणि तबलजी हात बांधून बसतात. दोष मंडळीचा आहे, तसाच तिला बोलाविणाऱ्यांचाही. कारण नाटक ठरविताना ‘नाच किती?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि ‘पदे कोणाची, गाणार कोण?’ हा कोणीच विचारीत नाही. ज्या रंगभूमीने कोणत्याही सरकारी वाट्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या तग धरला, तिच्या स्वतःच्या मंचावर स्वतःच्या गाण्याचा वाटा आटत जावा, ही खेदाची गोष्ट होय.

नभोवाणीचे नियम दिल्लीत होतात. आमच्या हाती ते नाहीत. परंतु गावच्या नाटकाची वर्गणी आपणही देतो, आयोजकांत आपले शेजारी असतात, कधी आपलीच मुले असतात. येत्या हंगामात वर्गणी देताना प्रत्येक कुटुंबाने हा दुसरा प्रश्न विचारावा, आणि गाणारा चांगला असेल तर पहाटेपर्यंत बसून त्याला ‘वन्स मोअर’ द्यावा. एवढे आपल्याच्याने निश्चित होण्यासारखे आहे.