विमान-देखभाल तंत्रज्ञांची व्यावसायिक पदवी : एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात विमान-देखभाल तंत्रज्ञ घडविण्यासाठी महाविद्यालयीन स्तरावर योजलेल्या व्यावसायिक पदवीची, विशेषतः बी.व्होक.च्या आकृतिबंधाची, चिकित्सा करावयाची आहे. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि पाठोपाठ फेब्रुवारी २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ही पदवी आणली. पहिल्या वर्षानंतर पदविका, दुसऱ्यानंतर प्रगत पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडण्याची मुभा, ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काहीतरी राहावे, हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य आहे. तथापि पर्यटन, किरकोळ विक्री आणि अन्नप्रक्रिया यांच्यासाठी जो साचा, तोच विमानाच्या हँगरला लावला म्हणजे काय होते, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही.

हँगरमध्ये काम करणे आणि त्या कामावर सही करणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुरुस्तीनंतर विमान उड्डाणास योग्य आहे असे लिहून देण्याचा, म्हणजेच ‘सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस’ देण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लायसन्सने मिळतो. हे लायसन्स ज्या सीएआर-६६ नियमावलीखाली दिले जाते, ती युरोपच्या ‘पार्ट-६६’ वर बेतलेली आहे. ‘ए’ श्रेणीचा धारक स्वतः केलेल्या मर्यादित कामापुरती सही करतो. ‘बी-१’ चा धारक सांगाडा, इंजिन व यांत्रिक प्रणाली पाहतो, तर ‘बी-२’ चा विद्युत व इलेक्ट्रॉनिक प्रणाली. मूळ युरोपीय रचनेत मान्यताप्राप्त संस्थेतील ‘ए’ श्रेणीचा मूलभूत अभ्यासक्रम ८०० तासांचा आणि टर्बाइन विमानांसाठीच्या ‘बी-१.१’ चा २४०० तासांचा आहे. त्यापुढे प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव वेगळाच.

आता २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील हिशेब पाहावा. वर्षाला ६० श्रेयांक. त्यांपैकी ३६ कौशल्याचे, २४ सामान्य शिक्षणाचे. एका श्रेयांकास १५ तास धरल्यास पहिल्या वर्षी कौशल्याचे ५४० तास भरतात. क्षेत्रीय प्रशिक्षणाचे तास दुपटीने मोजले जात असल्याने हा आकडा काहीसा वाढेल, हे मान्य. परंतु मुद्दा केवळ तासांचा नाही. हे तास मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत झाले नसतील, तर लायसन्सच्या दृष्टीने मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा लाभ त्यांना मिळत नाही आणि अनुभवाची आवश्यक वर्षे वाढतात. म्हणजे पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती ‘ए’ श्रेणीजवळ नेणारे काही असेलच असे नाही. पदविकेचा कागद मात्र असतो. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाचे १२०० तास व ४० श्रेयांक असे नवे माप दिले. पण तास कोणाच्या मान्यतेचे, हा प्रश्न त्या मापाने सुटत नाही.

याचा अर्थ लायसन्स निर्दोष आणि पदवी निरर्थक असा कोणी घेऊ नये. लायसन्सची परीक्षा मुख्यतः तीन पर्यायांच्या प्रश्नांची. उत्तीर्णतेची मर्यादा ७५ टक्के असली तरी प्रश्नसंच पाठ करून ती गाठता येते, हे या क्षेत्रातील कोणीही सांगेल. परीक्षा जे मोजत नाही, ते १० जून १९९० रोजी दिसून आले. बर्मिंगहॅमहून मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण ५३९० ची समोरची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले म्हणून तो वाचला. काच बसविणारा अननुभवी नव्हता. तो रात्रपाळीचा देखभाल व्यवस्थापक होता. जुना बोल्ट हाती घेऊन त्याने त्याच्याशी जुळणारे बोल्ट नजरेने निवडले. सुट्या भागांची सचित्र सूची उपलब्ध असूनही उघडली नाही. स्टोअरमधील पर्यवेक्षकाने योग्य माप सांगितले होते, तेही बाजूला राहिले. ९० पैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने कमी निघाला. सही त्याचीच होती आणि दुसऱ्या कोणी काम तपासण्याची नियमानुसार गरज नव्हती.

या घटनेत उणीव हातांच्या कौशल्याची नव्हती. सूची उघडून वाचणे, ऐकलेल्या शब्दाला थांबून प्रतिसाद देणे, घाईत असतानाही लेखी आधार शोधणे, या साऱ्या वाचनाच्या आणि संवादाच्या सवयी आहेत. म्हणूनच सामान्य शिक्षणाचे ते ४० टक्के मला अनाठायी वाटत नाहीत. खरी तक्रार आपण त्यांत काय भरतो याविषयी आहे. व्यक्तिमत्त्व विकास, मुलाखतीचे तंत्र, नमस्काराच्या पद्धती! (एका अभ्यासमंडळाच्या बैठकीत मी टास्क कार्ड वाचनाचा घटक सुचविला तेव्हा ‘हे तुमच्या भाषा विभागाचे काम नव्हे’ असे उत्तर मिळाले.) वस्तुतः विमान उद्योगाने हे काम भाषेचेच मानले आहे. देखभाल-पुस्तिका इंग्रजी मातृभाषा नसलेल्या तंत्रज्ञालाही निःसंदिग्ध कळाव्यात म्हणून युरोपीय उद्योगाने १९८६ मध्ये सुलभ तांत्रिक इंग्रजीचे नियम प्रसिद्ध केले. शब्दाला शक्यतो एकच अर्थ, लहान वाक्ये, एका वाक्यात एकच सूचना.

आपल्या वर्गातील ग्रामीण विद्यार्थी टॉर्क रेंच कसा वापरावा हे मराठीत अचूक समजावतो. पण अर्धवट राहिलेले काम पुढच्या पाळीसाठी इंग्रजीत चार ओळींत नोंदविताना अडखळतो. त्या चार ओळींवर दुसऱ्या कोणाची तरी सही अवलंबून असते. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, नागपूरच्या मिहानमध्ये २०१५ पासून विमान-देखभाल केंद्र आहे. मराठी मुलांना ही कामे परकी नाहीत. तेव्हा हा अभ्यासक्रम सुरू करू पाहणाऱ्या महाविद्यालयाने मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेशी लेखी करार केल्याविना पहिला प्रवेश देऊ नये, आणि पहिल्या वर्षाची पदविका कोणत्या लायसन्सकडे नेते हे माहितीपत्रकात शुल्काच्या आकड्याशेजारीच छापावे. नेत नसेल तर तसेही छापावे.