‘लीलावती’तील परिभाषा आणि दशमान वजने

सिन्नर ही आरंभीच्या यादवांची राजधानी. त्याच राजवंशाच्या काळात, १२०७ मध्ये, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या पाटणे येथील मठास त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी दान मिळाले. त्यांपैकी ‘लीलावती’त (११५०) वजनांची परिभाषा आणि दशगुणोत्तर संख्यासंज्ञा या दोन्ही आहेत, परंतु त्यांची परस्परांशी सांगड नाही. दोन यवांची गुंज, तीन गुंजांचा वल्ल, आठ वल्लांचे धरण, दोन धरणांचा गद्याणक. अशा पायऱ्यांचे गुणक विषम आहेत. हा दोष ग्रंथकाराचा नव्हे. व्यवहारात रूढ असलेली मापेच त्याने नमूद केली.

दशमान पद्धतीने ही सांगड घातली, हे तिचे खरे श्रेय होय. विडी-उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या सिन्नरात तंबाखूचा हिशेब क्विंटलने होईल, तर तिच्यातील निकोटिनचा मिलिग्रॅमने. एका क्विंटलचे मिलिग्रॅम दहा कोटी, म्हणजे ‘लीलावती’च्या भाषेत एक अर्बुद, एका टनाचे मायक्रोग्रॅम एक महापद्म, म्हणजे एकावर बारा शून्ये. येथे केवळ स्थानांतर आहे.

तथापि या सुलभतेतच धोका दडलेला आहे. जुन्या मापांत एखादा गुणक गळाला, तर उत्तरातील अंकच बदलत आणि चूक उघडी पडण्यास वाव राही. दशमानात अंक तेच राहतात, केवळ स्थान ढळते. मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम वाचला गेला, तर औषधाची मात्रा सहस्रपट होते. म्हणूनच रूपांतर शिकविताना शून्ये मोजण्यापेक्षा स्थानांना नावे देण्यावर भर हवा. भास्कराचार्यांच्या संज्ञांचे मोल येथेच आहे.