उभयान्वयी अव्ययाचा विच्छेद

विल्यम बक्ली या परंपरानिष्ठ कॅथलिक लेखकाने १९५५ साली ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक स्थापिले. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांचे ‘मातेर एत माजिस्त्रा’, म्हणजे ‘माता आणि शिक्षिका’, हे परिपत्रक निघाले. आर्थिक व्यवहारातील शासनाच्या हस्तक्षेपास त्यात मर्यादित मान्यता होती. त्यावर सदर नियतकालिकाने ‘माता मान्य, शिक्षिका अमान्य’ अशा आशयाचा विनोद छापिला. मूळ शीर्षकातील ‘एत’ हे अव्यय दोन्ही पदे एकाच चर्चला लावते. विनोदाने त्यांच्यांत विरोध कल्पिला. परंपरेचा अधिकार अविभाज्य मानणाऱ्यानेच तो सोयीनुसार विभागावा, ही विसंगती शैलीच्या चातुर्याने झाकली जात नाही. तथापि धर्माज्ञा आणि अर्थनीती यांची सीमा कोणी ठरवावी, हा त्यामागील प्रश्न खराच आहे.