लिव्हरपूलची थिस्बी

बीटल्स म्हटले की गिटारी, कपाळावर रुळणारे केस आणि किंचाळणाऱ्या मुली एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ह्या चौघांनी एकदा शेक्सपिअरचा नाट्यप्रवेश केला होता आणि त्यात जॉन लेनन चक्क बाई झाला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. साल १९६४. शेक्सपिअरच्या जन्माला ४०० वर्षे झाली म्हणून इंग्लंडात उत्सव चालले होते. २८ एप्रिलला लंडनच्या वेंब्ली भागातील स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून, ‘अराउंड द बीटल्स’ हा कार्यक्रम चित्रित झाला आणि ६ मे रोजी तेथील टेलिव्हिजनवर दिसला. त्यातला हा प्रवेश आजही पाहायला मिळतो. फराळाची ताटे पुढ्यात घेऊन साऱ्या घराने मिळून पाहावा असा तो आहे. मी तो दोनतीनदा पाहिला, पोटभर हसलो, आणि दर खेपेला काहीतरी उणे राहिले असेही वाटत राहिले.

मूळ नाटक ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. अथेन्सच्या राजाचे लग्न आहे. त्या आनंदाप्रीत्यर्थ गावातले कारागीर एक नाटक बसवतात. विणकर नायक होतो, सुतार सिंह होतो, शिंपी चंद्र होतो. कथा पिरॅमस आणि थिस्बी ह्या प्रेमिकांची. रात्री चांदण्यात भेटायचे ठरते, मध्येच सिंह येतो, घोटाळा होतो आणि दोघेही प्राण देतात. थिस्बीचे काम येते भाते दुरुस्त करणाऱ्या फ्लूटकडे. तो बिचारा कुरकुरतो, मला दाढी फुटू लागली आहे, मला बाई करू नका म्हणून. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजी रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्याच. राणीपासून परीपर्यंत सगळ्या पोरेच होत. त्या सगळ्यांत ‘मी पुरुष आहे’ असे ओरडून सांगणारा हा एकटा फ्लूट.

बीटल्सच्या प्रयोगात पॉल मॅकार्टनी पिरॅमस, लेनन थिस्बी, जॉर्ज हॅरिसन चंद्र आणि रिंगो स्टार सिंह. (हॅरिसनने पूर्वी एका दुकानात वीजतंत्र्याची उमेदवारी केली होती, कंदील हाती धरून चांदणे पाडण्याचे काम अगदी योग्य माणसाकडे गेले म्हणायचे!) लेनन बायकी वेष चढवतो, पण आवाज मुळीच बदलत नाही. त्याची थिस्बी घोगऱ्या, दांडग्या स्वरात प्रियकराला साद घालते. ज्या पॉलसाठी देशभरच्या मुली रडत होत्या, तो ह्या धटिंगणापुढे प्रेमाचे शब्द बोलतो. येथे हसू बाईपणाचे होत नाही. हसू होते ते त्या किंचाळ्यांचे आणि ज्यांच्या प्रेमगीतांवर त्या उठत त्या चौघांचे. आपल्याच लोकप्रियतेची अशी थट्टा करायला छाती लागते. मूळ नाटकात सिंह बायकांना सांगतो की घाबरू नका, मी अमुक सुतार आहे. रिंगो त्या जागी स्वतःचे नाव घालतो आणि खरा सिंह असतो तर एवढा पैसा मिळवला असता का, असे विचारतो.

आणखी एक गंमत. ह्याच कार्यक्रमात गाताना ते आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर नुसते ओठ हलवत होते. नाटक मात्र स्वतःच्या आवाजात!

प्रयोग चालू असता प्रेक्षकांतून टोमणे येतात. तो उपद्व्याप नव्हे, तो शेक्सपिअरच आहे. मूळ नाटकातही राजा आणि त्याचे सरदार त्या कारागिरांना मध्येमध्ये टोचत असतात. फरक असा की ते कारागीर बिचारे खालमानेने काम करतात. बसचालकाचा मुलगा असलेला हॅरिसन आणि कारखान्यात उमेदवारी केलेला रिंगो खालमानेने काही करणारे नव्हते. आदल्याच नोव्हेंबरात राजघराण्यापुढे गाताना लेननने स्वस्त जागांवरच्यांना टाळ्या वाजवायला आणि बाकीच्यांना दागिने खुळखुळवायला सांगितले होते. सरदारांनी हसण्यापूर्वीच कारागिरांनी हसून घ्यावे, ही त्यांची तऱ्हा. मला ती मनापासून आवडते.

पण उणे राहते ते येथेच.

आपल्याकडे पुरुषाने लुगडे नेसण्याच्या दोन रीती झाल्या. बालगंधर्वांची सिंधू ‘एकच प्याला’त रडली की थिएटरही रडे, पदराआड पुरुष आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. दुसरी रीत तमाशातल्या मावशीची आणि अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’ची. ते नाटक ब्रँडन टॉमसच्या ‘चार्लीज आँट’वरून आलेले, तेथे लुगड्याखालचा पुरुष विसरलात तर मौजच संपली. (लेननलाही त्याच्या मावशीनेच वाढवले होते, हा आपला योगायोग.) फ्लूटचे मोठेपण असे की तो मावशी म्हणून रंगमंचावर येतो आणि अखेरीस सिंधूच्या उंबरठ्याशी जाऊन पोचतो. प्रियकर मेलेला पाहून तो जो विलाप करतो, त्याचे शब्द हास्यास्पद आहेत. पण त्या शब्दांवर त्या पोराचा विश्वास आहे. हे काम नटाने मन लावून केले, तर हसता हसता सभागृह गप्प होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे मी पाहिले आहे. पहिली पाच मिनिटे साडीतल्या मुलावर शिट्ट्या पडतात; मग एखादा मुलगा आपले वाक्य इतक्या खरेपणाने बोलतो की शिट्टी घालणारा तोंडातली बोटे काढून घेतो.

लेनन ती बोटे काढू देत नाही. विलापाच्या जागीही त्याचे एक लक्ष प्रेक्षकांकडे, आपण फसलेलो नाही हे दाखवण्याकडे. आपल्याला कोणी हसण्याआधी आपण हसावे ह्या सवयीने त्याला सरदारांपासून वाचवले खरे, पण त्याच सवयीने थिस्बीलाही त्याच्यापासून दूर ठेवले. तेव्हा त्याचे वय अवघे २३. पुढे त्याच माणसाने हरपलेल्या आईवर अशी गाणी केली की त्यांत थट्टेचा लवलेश नाही. त्या वयाचा लेनन थिस्बी झाला असता तर काय केले असते, हे पाहायला मला आवडले असते. वेंब्लीच्या त्या रंगमंचावर मात्र दोन प्रेमी मरतात आणि एकाही मुलीची किंचाळी थांबत नाही.