अर्धीच देवघेव

ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्कीचं ‘अर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक’ (१९२२) आजही गुंगवून टाकतं. आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या ‘कुला’ची ही हकीकत. लाल शिंपल्यांच्या माळा घड्याळाच्या दिशेने आणि पांढऱ्या शंखांची कडी उलट दिशेने बेटामागून बेट फिरत राहतात. मिळालेली वस्तू काही काळ मिरवायची आणि पुढे द्यायची. नामांकित माळ ज्याच्या हातून जाते, त्याचं नाव होतं. घासाघीस करणाऱ्याला टोमणा बसतो: हा कुला ‘गिमवाली’सारखा, म्हणजे बाजारासारखा करतो!

बहुतेक कडी लहान मुलांच्या हातातही जात नाहीत, हे मालिनोव्स्कीच सांगतो. निरुपयोगी वस्तूतून मान कसा तयार होतो, हे त्याच्याइतकं बारकाईने क्वचितच कुणी दाखवलंय. पण त्याची नजर खिळलीय ती होड्यांतून जाणाऱ्या पुरुषांवर.

ॲनेट वायनर यांचं ‘विमेन ऑफ व्हॅल्यू, मेन ऑफ रिनाउन’ (१९७६) आपल्याला किनाऱ्यावरून गावात नेतं. तिथे कुणी वारलं की बायका केळीच्या वाळलेल्या पानांच्या जुड्या आणि घागरे हजारोंनी वाटतात. वंश आईकडून चालतो. मृताच्या कुळाचं देणं फेडून त्याची पत राखतात त्या बायका. जुड्या जमवताना नवऱ्याचीही संपत्ती खर्ची पडते.

मालिनोव्स्कीने या वाटपाला फारसं मोल दिलं नाही. जुड्या निरुपयोगी म्हणाव्यात, तर कडीही तशीच होती. तरी ग्रंथ लिहिला गेला तो कड्यांवर. म्हणून ‘अर्गोनॉट्स’ जरूर वाचा, पण वायनर शेजारी ठेवून.